टू-डी इकोतलं 'डायास्टोलिक डिस्फंक्शन' आणि हृदयातल्या कॅल्शियमची ये-जा

टू-डी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, आता खान्देशातून मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. जळगाव, धुळ्यात तो सहज होतो आणि पाचच मिनिटांत रिपोर्ट हातात पडतो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या रिपोर्टात बऱ्याचदा दोन ओळी एकाखाली एक असतात. 'एलव्ही ईएफ ६० टक्के' (डावा खालचा कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) ही पहिली आणि 'ग्रेड १ डायास्टोलिक डिस्फंक्शन' ही दुसरी. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, वयाप्रमाणे आहे." बाहेर पेशंटची रांग असते, त्यामुळे यापलीकडे बोलणं होत नाही. मग रिपोर्टाचा फोटो पुण्यातल्या भाच्याला जातो, तिथून त्याच्या मित्राला जातो आणि घरात कुणीतरी ठरवून टाकतं की अण्णांचं हृदय कमजोर झालंय.

पहिली ओळ सांगते की हृदय चांगलं आवळतंय. दुसरी ओळ सांगते की ते सैल पडायला थोडा जास्त वेळ घेतंय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपला गोंधळ होतो, कारण आवळणं म्हणजे काम आणि सैल पडणं म्हणजे आराम, असं आपण धरून चालतो. हृदयाच्या स्नायूला सैल पडण्यासाठीसुद्धा मेहनत करावी लागते, आणि ती सगळी मेहनत कॅल्शियमभोवती चालते. कॅल्शियम आपल्याला हाडांमुळे आणि दुधामुळे माहीत आहे. हृदयातलं त्याचं काम मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

हृदयाचा स्नायू वेगळा कसा?

दंडाचा स्नायू मेंदूच्या हुकमावर चालतो. मज्जातंतू तुटला की हात लुळा पडतो. हृदयाचं तसं नाही. प्रत्यारोपण करताना दात्याच्या हृदयाच्या सगळ्या नसा कापाव्या लागतात, तरी ते नव्या छातीत धडधडू लागतं. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि तो स्वतःच ठरावीक वेळाने विजेची सूक्ष्म लहर सोडतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात.

ही लहर एका पेशीतून दुसरीत जाते. हृदयाची स्नायुपेशी साधारण ०.१ मिलिमीटर लांब असते. तिला फाटे असतात आणि टोकाशी ती शेजारच्या पेशीला घट्ट जोडलेली असते. त्या जोडांमध्ये बारीक छिद्रं असतात. त्यांतून लहर पुढे सरकते, म्हणून कोट्यवधी पेशी जवळजवळ एकदम आवळतात. पेशीचा सुमारे तिसरा भाग ऊर्जा तयार करणाऱ्या कणांनीच व्यापलेला असतो. दंडाला रात्री विश्रांती मिळते, ती या स्नायूला कधीच मिळत नाही.

लंडनच्या नळाचं पाणी

हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं ते योगायोगाने. सिडनी रिंगर हे लंडनमधले डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. १८८२ साली त्यांना वाटलं, नुसत्या मिठाच्या पाण्यातही हृदय छान चालतं. पुढे लक्षात आलं की प्रयोगशाळेत द्रावण करताना शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात मीठ घालून बघितलं, तर ठोके मंदावत गेले आणि थोड्याच वेळात हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने सगळा फरक केला होता. १८८३ साली रिंगर यांनी आधीच्या निष्कर्षाची दुरुस्ती छापली.

त्या द्रावणाची सुधारलेली आवृत्ती आज आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लटकलेली दिसते. सिस्टर "आरएल लावा" म्हणतात तेव्हा त्या रिंगर लॅक्टेटची बाटली मागत असतात. १९३०च्या दशकात अॅलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घातलं. मीठ, पोटॅशियम आणि थोडं कॅल्शियम हे त्यातले मूळ घटक आजही तेच आहेत.

इथे एक शंका येते. बेडकाच्या पायाचा स्नायू कॅल्शियम नसलेल्या पाण्यातही बराच वेळ आखडतो, मग हृदयच का थांबलं? कारण पायाच्या स्नायूला आकुंचनासाठी बाहेरून कॅल्शियम यावं लागत नाही, तो पेशीतल्या साठ्यावर चालतो. हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्याला थोडं तरी कॅल्शियम बाहेरून आत यावंच लागतं. बेडकाच्या हृदयात तर आतला साठा फारच तुटपुंजा असतो, म्हणून ते इतक्या लवकर थांबलं.

कॅल्शियम नेमकं करतं काय?

स्नायुपेशीत दोन प्रकारचे तंतू शेजारीशेजारी असतात, जाड आणि पातळ. जाड तंतू मायोसिन या प्रथिनाचे, पातळ मुख्यतः अॅक्टिनचे. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती पातळ तंतूला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. अशा सरकणाऱ्या एका तुकड्याची लांबी सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक. असे हजारो तुकडे एकदम सरकले की हृदयाचा कप्पा आवळतो.

मायोसिन कायम धरून बसत नाही, कारण पातळ तंतूवरची धरण्याची जागा एरवी झाकलेली असते. त्या झाकणाला अडवून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव ट्रोपोनिन. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६०च्या दशकात शोधलं. कॅल्शियमचा कण ट्रोपोनिनला चिकटला की झाकण बाजूला सरकतं आणि मायोसिनला पकड मिळते. कॅल्शियम सुटून गेलं की झाकण पुन्हा जागेवर येतं. कॅल्शियम स्वतः ओढत नाही, ते ओढण्याची परवानगी देतं.

ट्रोपोनिन हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की 'ट्रॉप-टी' किंवा 'ट्रॉप-आय' तपासतात, ते हेच. या प्रथिनाचे तीन तुकडे असतात. कॅल्शियम चिकटतं ते सी तुकड्याला, आणि रक्तात मोजतात टी किंवा आय. हृदयाच्या पेशी मेल्या की हे तुकडे रक्तात उतरतात, त्यावरून इजा झाल्याचं कळतं.

हौद, व्हॉल्व्ह आणि मोटर

आता हे कॅल्शियम येतं कुठून आणि जातं कुठे ते बघू. ठोके पडत नसताना पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने जास्त असतं. पेशीच्या आत पातळ पिशव्यांचं एक जाळंही असतं आणि त्यात कॅल्शियमचा साठा असतो. त्याचं शास्त्रीय नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. एकदा सांगितलं, आता पुढे आपण त्याला हौद म्हणू.

यावल-रावेरच्या केळीच्या शेतात उंचावर बांधलेला हौद बघा. व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप खाली धावतं, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती हौद भरायला. लाइट असेल तेवढ्या तासांत मोटर चालवून पाणी वर चढवायचं, ही खरी मेहनत. हृदयाच्या पेशीत हेच घडतं, फक्त एक गोष्ट जास्तीची आहे. शेतकऱ्याचं पाणी जमिनीत मुरतं. हृदयाला मात्र खाली सोडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब पुढच्या ठोक्याआधी गोळा करून परत वर चढवावा लागतो, आणि हे सगळं एका सेकंदाच्या आत.

ठोक्याची सुरुवात विजेच्या लहरीने होते. ती आली की पेशीच्या बाहेरच्या आवरणातली कॅल्शियमची दारं उघडतात आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं. एवढ्याने पुरेसं आकुंचन होत नाही. पण हे थोडं कॅल्शियम हौदाच्या व्हॉल्व्हला जाऊन भिडतं. व्हॉल्व्ह उघडतो आणि आतला मोठा साठा बाहेर येतो. पेशीतलं मोकळं कॅल्शियम क्षणात सुमारे दहा पट होतं. आलेल्या कॅल्शियमनेच जास्तीचं कॅल्शियम सोडवून घेण्याची ही रीत अलेक्झांडर फाबियातो यांनी १९७०-८०च्या दशकांत बारकाईने तपासली. १९९३ साली सूक्ष्मदर्शकाखाली, चमकणारं रसायन वापरून, हे सुटणं प्रत्यक्ष दिसलं. हौदाला एकच मोठा व्हॉल्व्ह नसून व्हॉल्व्हचे हजारो छोटे झुबके आहेत. प्रत्येक झुबका एक बारीक चमक सोडतो आणि सगळ्या चमका मिळून एक ठोका बनतो. ठोका जोराचा पडणार की हलका, हे किती झुबके उघडतात आणि हौद किती भरलेला आहे यावर ठरतं. ही रचना मला फार सुंदर वाटते.

मग परतीचा प्रवास. हौदाच्या भिंतीत पंप असतात. माणसाच्या हृदयात प्रत्येक ठोक्यानंतर सुमारे ७० टक्के कॅल्शियम ते हौदात परत चढवतात. उरलेलं बहुतेक बाहेर पाठवण्याची सोय वेगळी आहे, तिथे सोडियमचे तीन कण आत घेऊन कॅल्शियमचा एक कण बाहेर काढला जातो. जेवढं बाहेरून आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर ठोक्यागणिक पेशीत कॅल्शियम साचत जाईल.

पंपाला ऊर्जा लागते. पेशीतली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत असते. एक एटीपी खर्चून कॅल्शियमचे दोन कण वर चढतात. हृदयाच्या ऊर्जेचा बराचसा भाग, साधारण तिसरा हिस्सा, अशा पंपांवर जातो. एटीपी मोडून पुन्हा तयार होत राहतं. ही उलाढाल दिवसाला सुमारे सहा किलो भरते, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपट. साठा मात्र काही सेकंदांपुरताच असतो.

मग ग्रेड १ म्हणजे काय?

हृदय सैल पडून भरतं त्या काळाला डायास्टोल म्हणतात. डावा खालचा कप्पा पटकन सैल पडला की वरच्या कप्प्यातलं रक्त भसकन खाली येतं. उरलेलं शेवटी वरचा कप्पा आवळून ढकलतो. निरोगी तरुण हृदयात पहिला लोट मोठा असतो आणि शेवटचा छोटा. वय वाढतं तसं पंपाचं काम मंदावतं, स्नायूत ताठ तंतूंचं प्रमाण वाढतं, जुनं ब्लडप्रेशर असेल तर भिंत जाड होते. कप्पा सावकाश सैल पडतो, पहिला लोट लहान होतो आणि शेवटच्या ढकलण्यावर जास्त भार येतो. इकोत ही अदलाबदल दिसली की ग्रेड १ लिहितात. फक्त कॅल्शियमच्या पंपाला दोष देऊन चालणार नाही, ताठरपणाही तितकाच कारणीभूत असतो.

म्हणून साठीनंतर ग्रेड १ दिसणं अगदी सामान्य आहे. त्याचा अर्थ हार्ट फेल असा होत नाही, आणि डॉक्टर "वयाप्रमाणे" म्हणतात ते खोटं नसतं. पण ते अपुरं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिपोर्ट देताना एक वाक्य जास्तीचं बोललं पाहिजे: ब्लडप्रेशर आणि शुगर आटोक्यात ठेवा, वजन उतरवा, रोज चाला, आणि जिना चढताना नव्याने धाप लागली किंवा पाय सुजले तर परत या. कारण हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ईएफ चांगलाच असतो. त्यांचं हृदय आवळतं नीट, भरत नाही नीट. 'ईएफ साठ आहे, मग धाप मनाचीच असणार' असं म्हणून अशा माणसाला घरी बसवणं धोक्याचं. या आजारात सोय नव्हती तोवर गोष्ट वेगळी होती. आता डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मुळात शुगरसाठी आलेल्या गोळ्यांचा अशा रुग्णांना उपयोग होतो हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे.

भरभर चालताना अशा माणसाला धाप का लागते, तेही यावरून कळतं. ७० ठोक्यांना एका ठोक्याच्या वाट्याला ०.८५ सेकंद येतात आणि आवळण्याला साधारण ०.३ सेकंद लागतात. ठोके १४० झाले की हातात ०.४३ सेकंदच उरतात. आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, कात्री लागते ती सैल पडण्याच्या वेळेला. आणि डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठाही मुख्यतः त्याच वेळात होतो.

हृदयाला गोळा का येत नाही?

दिवसभर निंदणी करून आल्यावर रात्री पोटरीला गोळा येतो. हुकमावर हुकूम येत राहिले की पोटरीचा स्नायू सैल न पडता आवळलेलाच राहतो. हृदयाला हे परवडलं नसतं, गोळा आलेलं हृदय रक्त ढकलू शकणार नाही. निसर्गाने त्यावर उपाय केला आहे. पोटरीच्या पेशीत विजेची लहर दोन ते पाच मिलिसेकंदांत संपते. हृदयाच्या कप्प्यात ती दोनशे ते तीनशे मिलिसेकंद टिकते, कारण कॅल्शियमची दारं तेवढा वेळ उघडी असतात. लहर चालू असताना दुसरा हुकूम पेशी घेतच नाही. हुकूम घ्यायला ती मोकळी होते तोवर सैल पडायला सुरुवात झालेली असते.

मे महिन्यातली धडधड

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेली म्हातारी माणसं सांगतात, "छातीमा धडधड व्हस." अंगातली उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, आणि रक्तदाब टिकवायला शरीर अॅड्रेनलिन व त्याच्या जातीची द्रव्यं सोडतं. भीती वाटली, धावलं, भांडण झालं, तरी हीच द्रव्यं येतात.

ती हृदयाच्या पेशीवर दोन्हीकडून काम करतात. बाहेरची कॅल्शियमची दारं जास्त उघडतात, म्हणून ठोका जोराचा पडतो. त्याच वेळी हौदाच्या पंपावरचा एक ब्रेकही सुटतो, म्हणून कॅल्शियम लवकर परत चढतं आणि हृदय लवकर सैल पडतं. नुसतं आवळणं वाढून सैल पडणं तेवढंच राहिलं असतं, तर वाढलेल्या ठोक्यांत कप्पे भरलेच नसते. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या या द्रव्यांना अडवतात. ठोके कमी होतात आणि भरायला वेळ मिळतो. आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांनी दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नये, हा सल्ला याच कारणासाठी आहे. लघवीची गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

व्यायलेली गाय आणि सावकाश दिलेली बाटली

ज्यांच्या गोठ्यात संकरित जर्सी किंवा होल्स्टीन गाय आहे त्यांनी दूधताप पाहिलेला असतो. भरपूर दूध देणारी गाय व्याली की एक-दोन दिवसांत मटकन बसते, कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून पडून राहते. नाव दूधताप असलं तरी अंगाला ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. चीक तयार करायला कासेने रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलेलं असतं आणि हाडांतून तेवढं लगेच भरून येत नाही. पायाचे स्नायू ढिले पडतात. पशुवैद्य छातीला नळी लावतात तेव्हा ठोके भराभर पण क्षीण ऐकू येतात.

डॉक्टर शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली देतात. बाटली संपता संपता गाय उठून उभी राहते. खेड्यातल्या माणसाने पाहिलेल्या उपचारांत इतका झटपट गुण देणारा दुसरा विरळाच. आता या वेळी डॉक्टर काय करतात ते आठवा. ते बाटली उंच धरून घाई करत नाहीत. सावकाश सोडतात आणि मधूनमधून हृदय ऐकत राहतात. ठोके फार मंदावले किंवा चुकू लागले तर हात थांबवतात. रक्तात एकदम भरमसाट कॅल्शियम गेलं तर ठोका आधी मंद आणि जोरकस होतो, मग लय बिघडते आणि गाय जागेवर मरू शकते. कमी झालं तर क्षीण, जास्त झालं तर बंद. म्हणून गोठ्यात बाटली आणून स्वतःच शिरेत लावण्याचा प्रयत्न कुणी करू नये. ही कळकळीची विनंती आहे, कारण औषधाच्या दुकानात बाटली सहज मिळते.

माणसातही तत्त्व तेच. आपल्या रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अरुंद पट्ट्यात राहतं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व ते सांभाळतात. फार खाली गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात आणि ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबतं. फार वर गेलं तर ते आखडतं.

"मग कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन हृदय मजबूत होईल का?"

नाही होणार. शरीरात प्रौढ माणसाच्या एक किलोच्या आसपास कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत. आज जेवणात कमी आलं तर शरीर हाडांतून काढून रक्तातली पातळी राखतं, हृदयाला त्याची झळ लागू देत नाही. म्हणजे कॅल्शियम कमी खाल्ल्याची किंमत हाडं मोजतात. गोळी हाडांसाठी, डॉक्टरांनी सांगितली तर आणि सांगितली तेवढीच घ्यावी. गोळ्यांनी हृदयविकार वाढतो का यावर संशोधकांत वाद आहे, काही अभ्यासांत शंका आली, काहींत नाही. दूध, दही, नागली, तीळ यांतून मिळणाऱ्या कॅल्शियमबद्दल तशी शंका नाही.

"सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसलं, म्हणून दूध बंद केलंय." हेही चुकतं. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, तिथे सूज राहते आणि कालांतराने तिथे कॅल्शियमचे क्षार जमतात. तंबाखू, बिडी, ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल ही त्याची कारणं आहेत. पेशीत ठोक्यागणिक ये-जा करणाऱ्या कॅल्शियमशी त्या थराचा संबंध नाही.

तिसरी शंका बीपीच्या गोळीची. अम्लोडिपिनला कॅल्शियम ब्लॉकर म्हणतात हे कळलं की हाडं ठिसूळ होतील अशी भीती वाटते. ही गोळी शरीरातलं कॅल्शियम कमी करत नाही. ती रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतली कॅल्शियमची दारं अर्धवट लावते, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. घोट्याला सूज येणं हा तिचा नेहमीचा त्रास आहे, तो डॉक्टरांना सांगावा. वेरापामिल आणि डिल्टियाझेम या त्याच घराण्यातल्या गोळ्या खुद्द हृदयावरही काम करतात आणि ठोके कमी करतात. म्हणून शेजाऱ्याची बीपीची गोळी आपल्याला चालेल असं समजू नये.

डिगॉक्सिन आणि कण्हेर

इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा सूज असलेल्या रुग्णांवरचा अनुभव छापला. त्याच जातीतून आलेलं डिगॉक्सिन आजही वापरात आहे. ते पेशीतून सोडियम बाहेर काढणारा पंप अडवतं. आत सोडियम वाढलं की सोडियम घेऊन कॅल्शियम बाहेर टाकण्याची सोय मंदावते. थोडं कॅल्शियम मागे राहतं, हौद जास्त भरतो आणि ठोक्याला जोर येतो. डोस जरा चुकला तर हौद ओसंडतो आणि लय बिघडते, म्हणून हे औषध मोजूनमापून देतात. आपल्याकडे कुंपणाला लावलेल्या कण्हेरीत आणि पिवळ्या बिट्टीत याच प्रकारची द्रव्यं आहेत. गुरं-शेळ्या तिथे बांधू नयेत, छाटलेल्या फांद्या चाऱ्यात जाऊ देऊ नयेत, आणि मुलांनी पान-बी तोंडात घातल्याचं कळलं तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

झटका येतो तेव्हा

हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यामागच्या पेशींचा प्राणवायू तुटतो. एटीपी संपत येतं. म्हणजे मोटरचीच लाइट जाते. मिनिटाभरातच तो भाग नीट आवळेनासा होतो. पंप थकले की कॅल्शियम पेशीतच साचतं, तंतू आखडतात, आणि साचलेलं कॅल्शियम ऊर्जा बनवणाऱ्या कणांचीच नासधूस करतं. साधारण वीस मिनिटांनंतर पेशी मरायला लागतात आणि पुढच्या काही तासांत मरण आतून बाहेरच्या बाजूला पसरत जातं.

वाहिनी उघडल्यावर रक्त परत येतं तेव्हाही कॅल्शियमचा एक लोट पेशींवर आदळतो आणि थोडं नुकसान त्यानेही होतं. यावरून "मग उघडायची कशाला?" असं कुणी विचारतं. न उघडल्याचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं, म्हणून. छातीच्या मधोमध दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं होत असेल तर ॲसिडिटीचं सोडा-पाणी पीत पहाटेची वाट बघू नये. तोरणमाळकडच्या पाड्यावरून किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून मोठं शहर लांब असतं हे खरं. पण ईसीजी जवळच्या ठिकाणी निघू शकतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोठ्या शहरात पोचण्याआधी देता येतं, आणि १०८ला फोन करायला पैसे लागत नाहीत.

केळीचं काय?

जळगावच्या माणसासमोर हृदयाचा विषय काढला की केळी येतेच. केळीत कॅल्शियम थोडंच असतं. तिच्यात असतं पोटॅशियम, शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. विजेची लहर संपवून पेशीला पुन्हा तयार करण्याचं काम पोटॅशियमचं. ते रक्तात कमी पडलं तर हृदयाची लय बिघडते, वाढलं तरी बिघडते. ज्यांचं मूत्रपिंड धड आहे त्यांनी रोज केळी खावी, जास्तीचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं. डायलिसिसवरच्या किंवा क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं घेणाऱ्याने, किती केळी चालतील ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

अशा रुग्णाचं पोटॅशियम फार वाढून ईसीजी बिघडला, तर अतिदक्षता विभागात पहिलं इंजेक्शन बहुधा कॅल्शियम ग्लुकोनेटचं असतं, तेही सावकाश, मॉनिटरकडे बघत. ते पोटॅशियम कमी करत नाही. हृदयाच्या पेशींचं आवरण अर्धा-एक तास स्थिर ठेवतं, आणि तेवढ्या वेळात डॉक्टर इन्शुलिन-ग्लुकोजने पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात किंवा डायलिसिसची तयारी करतात.